जुना २७५ लोडवर दम सोडतो म्हणून लगेच पंप काढू नका

दादा, तुम्ही लिहिलंय की मामांचा जुना महिंद्रा बी-२७५ आहे, सकाळी एका सेल्फला चालू होतो, रिकामा रस्त्याने पळवला तर काही तक्रार नाही, पण पल्टी नांगर लावला की वीस-पंचवीस मिनिटांत आवाज बसायला लागतो आणि मग बंदच पडतो. दहा मिनिटं थांबलं की परत चालू. मिस्त्री म्हणतोय डिझेल पंप गेला, काढून पंप रूमला द्या, अठरा हजार धरून चाला.

माझं काम पंप-नोझलचंच आहे, तीसेक वर्षं झाली, त्यामुळे पंप माझ्याकडे आला तर माझाच धंदा होतो. तरी सांगतो, अजून पंपाला पाना लावू नका. का ते ऐका. झिजलेला पंप गरम झाला की त्रास देतो हे खरंय, पण त्याची खूण अशी की इंजिन गरम असताना तो सुरूच व्हायला नको म्हणतो, थंड झाला की मगच घेतो. तुमचं इंजिन दहा मिनिटांत थंड होत नाही, तापलेलंच असतं, आणि तरी ते सहज चालू होतंय. म्हणजे त्या दहा मिनिटांत पंप काही सुधारला नाही, पंपापर्यंत डिझेल पोचलं एवढंच झालं. डिझेल कुठेतरी अडतंय, किंवा डिझेलबरोबर हवा येतेय. माझ्याकडे "पंप खराब" म्हणून येणाऱ्या ट्रॅक्टरांपैकी निम्म्याहून जास्त असेच असतात.

डिझेलचा रस्ता आधी डोक्यात पक्का करा. टाकी, टाकीखालचा कॉक, तिथून पाइप, पंपाच्या अंगाला लावलेला फीड पंप (ज्याला हाताने दाबायचा दट्ट्या असतो तो), मग दोन फिल्टर, पहिला कापडी दुसरा कागदी, मग मोठा पंप, त्यातून चार जाड लोखंडी पाइप सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या चार नोझलला. शोध टाकीकडून घ्यायचा. बरेच मिस्त्री उलटे जातात, कारण नोझल आणि पंप खोलला की काम केल्यासारखं दिसतं.

सगळ्यात पहिलं टाकीचं झाकण. झाकणाला बारीक भोक असतं, डिझेल जसं कमी होईल तशी तेवढी हवा आत यायला पाहिजे. धूळ, तेल, चिखल बसून ते भोक बुजलं, किंवा हरवलेल्या झाकणाच्या जागी कोणी साधं घट्ट झाकण लावलं, की टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल खाली यायचं कमी होतं. रिकामा चालताना डिझेल थोडं लागतं म्हणून कळत नाही, नांगराला लोड आला की लागतं जास्त आणि मग पुरत नाही. उद्या नांगर लावा, बंद पडायला आला की उतरून झाकण फिरवा. फुस्स असा आवाज येऊन इंजिनाने परत आवाज धरला तर अठरा हजार वाचले. आवाज नाही आला तरी एक तासभर झाकण सैल ठेवून, वरून स्वच्छ फडकं बांधून चालवून बघा.

झाकणाने फरक नाही पडला तर टाकीतून धार किती येते ते बघायचं. २७५ ची टाकी इंजिनाच्या वर आहे, डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येतं, ही मोठी सोय आहे. फीड पंपाला येणारा पाइप फीड पंपाकडून सोडा, खाली स्वच्छ डबा धरा आणि कॉक उघडा. धार भरून आली पाहिजे. पण इथे घाई करू नका, लोक दोन सेकंद धार बघतात आणि म्हणतात टाकी ठीक आहे. पाच-सात मिनिटं सलग वाहू द्या, डबा भरला की परत टाकीत ओता (गाळून!) आणि परत वाहू द्या. धार सुरुवातीला जाड आणि मग हळूहळू बारीक होत गेली तर टाकीत काहीतरी तरंगतंय जे ओढीबरोबर भोकावर येऊन बसतं. इंजिन बंद पडलं की ओढ थांबते, ते परत सुटून वर जातं, दहा मिनिटांनी ट्रॅक्टर चालू. तुमची जी लक्षणं आहेत ती अगदी हीच.

माझ्याकडे एका शेतकऱ्याचा पंप एकाच वर्षात दोनदा आला होता. पहिल्यांदा दुसऱ्या एका ठिकाणी एलिमेंट (पंपात डिझेलला दाब देणारे प्लंजर-बॅरलचे जोड) बदलून झाले होते, दुसऱ्यांदा माझ्याकडे आला, बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या मशीनवर, लावला तर चारही लाइन सारख्या, काही दोष नाही. मी तसाच परत दिला आणि म्हटलं ट्रॅक्टरच घेऊन या. टाकी खाली काढून उलटी केली तर ऑइलच्या डब्याच्या तोंडाला जी चकचकीत पातळ पट्टी असते ना, ती निघाली, रुपयाएवढी. डब्याने डिझेल ओतताना कधीतरी पडली असणार. त्या पट्टीपायी त्या माणसाचे हजारो रुपये आणि पेरणीचे आठ दिवस गेले, आणि मला अजून वाईट वाटतं कारण दहा मिनिटांच्या कामाने ते कळलं असतं.

टाकी काढलीच तर नीट धुवा. तळाला पाणी आणि त्याच्यावर काळपट बुळबुळीत साय दिसली तर घाबरू नका पण ठेवूही नका, डिझेल आणि पाणी जिथे एकमेकाला लागतात तिथे जंतू वाढतात त्याची ती साय असते, उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये पावसाळ्यानंतर हमखास सापडते. ती फिल्टर गच्च करते. टाकी डिझेलनेच खळाळून धुवायची, पाण्याने धुवून ओलसर बसवायची नाही. कॉकच्या वरच्या अंगाला बारीक जाळी असेल तर ती ब्रशने साफ करा, फाटली असेल तर बदला, काढून टाकू नका.

कॉक ते फीड पंप या पाइपमध्ये रबरी तुकडा असेल तर तो हाताने दाबून, वाकवून बघा. जुनं रबर बाहेरून चांगलं दिसतं पण आतून सुटून त्याची पापुद्र्यासारखी चिप आतल्या आत झडपेसारखी बसते. शंका आली की बदलून टाका, स्वस्त वस्तू आहे.

आता फीड पंप. त्याच्या आत येणाऱ्या बोल्टात किंवा खालच्या वाटीत काही पंपांना बारीक जाळी असते आणि ती आहे हेच अनेकांना माहीत नसतं, वर्षानुवर्षं साफ होत नाही. फीड पंपाच्या आत एक पिस्टन, एक स्प्रिंग आणि दोन छोट्या झडपा, एवढंच असतं. झडपेखाली कचरा अडकला किंवा ती झिजली की फीड पंप अर्धंच ढकलतो. तपासायचं असं: फिल्टरला जाणारा पाइप फिल्टरकडून सोडून डब्यात धरा आणि दट्ट्या दाबा, प्रत्येक दाबाला जोरात पिचकारी आली पाहिजे. मग स्टॉप नॉब ओढून ठेवून इंजिन सेल्फवर फिरवा, तेव्हाही ठोक्यागणिक धार उडाली पाहिजे. हाताने चांगली आणि इंजिनावर मरतुकडी असेल तर फीड पंपाचा पिस्टन, स्प्रिंग किंवा पिस्टनला ढकलणारा दांडा झिजलाय. पूर्ण फीड पंप बदलला तरी मोठ्या पंपाच्या दुरुस्तीच्या मानाने खर्च किरकोळ. दट्ट्या दाबून झाल्यावर परत आटे फिरवून घट्ट बसवायचा, उघडा राहिला तर तिथूनच हवा ओढतो, हे मी रोज बघतो.

फिल्टरबद्दल जास्त लिहीत नाही कारण सगळ्यांना माहितीये आणि कोणी बदलत नाही. कागदी फिल्टर पेट्रोलने धुवून परत लावायचा नाही. धुतल्यावर स्वच्छ दिसतो पण घाण कागदाच्या आत गेलेली असते, आणि कागद फाटला तर सगळा कचरा सरळ पंपात. पंपाच्या एलिमेंटमध्ये प्लंजर आणि बॅरल यांच्यात जागा असते दोन-तीन मायक्रॉन, आणि आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन. म्हणजे जे तुम्हाला डोळ्याने दिसतच नाही ते पंपाला ओरखडे पाडतं. कापडी धुतला तर चालतो, पण मऊ पडला, आकार सोडला की फेकून द्या. आणि फिल्टरच्या वाटीखालचा पाण्याचा बोल्ट पावसाळ्यात आठवड्याला एकदा सोडा, काचेच्या बाटलीत धरून बघा, पाणी खाली वेगळं बसलेलं दिसतं.

आता हवा, म्हणजे आपण म्हणतो ना ट्रॅक्टरने एअर धरली. ही जागा नीट समजून घ्या कारण इथे माणूस फसतो. फीड पंपाच्या पुढे, म्हणजे फिल्टर ते पंप, तिथे डिझेल दाबाखाली असतं, तिथे जॉइंट सैल असला तर डिझेल बाहेर गळताना दिसतं. पण फीड पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला, ओढ असते. टाकीचा कॉक किंवा जाळी थोडी तुंबली की तो पाइप तोंडाने स्ट्रॉ ओढल्यासारखा ओढला जातो आणि सैल जॉइंटमधून डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत, आणि आत बुडबुडे. म्हणून तुंबणं आणि एअर धरणं हे पुष्कळदा एकाच वेळी येतं आणि मिस्त्री फक्त एअर काढून देतो, दुसऱ्या दिवशी परत तेच. पकडायचं असेल तर फीड पंपानंतर फूट-दीड फूट पारदर्शक डिझेलची नळी तात्पुरती जोडा, क्लिपा घट्ट मारा, लोडवर चालवा आणि नळीकडे बघत राहा. बुडबुड्यांची माळ दिसली की मागे शोधा. ट्रॅक्टर स्लोवर असताना आवाज वर-खाली, वर-खाली करत असेल, ज्याला हंटिंग म्हणतात, तरी गव्हर्नरला (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाला) दोष द्यायच्या आधी ही नळी लावा.

हवा शिरायचं घर बहुतेक वेळा तांब्याचं वायसर असतं. जुनं वायसर दाबून दाबून कडक होतं, कितीही आवळा, बसत नाही, आणि जास्त आवळलं तर बोल्टच तुटतो. नवीन घाला, नसेल तर जुनं वायसर लालभडक तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ पडतं (लोखंडाच्या उलटं), मग बारीक पॉलिश पेपरवर सपाट घासून लावा. एअर काढायची पद्धत: फिल्टरवरचा एअर बोल्ट सैल करा, दट्ट्या मारा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की दट्ट्या दाबलेला असतानाच बोल्ट आवळा. मग पंपावरचा एअर स्क्रू, तसंच. एवढ्याने चालू नाही झाला तर नोझलकडचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल झिरपायला लागलं की आवळा. क्रम सोडू नका, मागून पुढे.

अजून एक छोटी गोष्ट जी फार थोडे लोक बघतात. पंपातून जास्तीचं डिझेल परत जातं त्या लाइनच्या तोंडाशी ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह असतो, आत गोळी आणि स्प्रिंग. स्प्रिंग मेली किंवा कोणीतरी तिथे नुसता पोकळ साधा बोल्ट ठोकला असेल तर पंपातल्या डिझेलच्या जागेत दाब टिकत नाही, आलेलं डिझेल तसंच परत निघून जातं आणि एलिमेंट अर्धे भरतात. लक्षणं हुबेहूब झिजलेल्या पंपासारखी, लोड घेत नाही. माझ्याकडे दुरुस्त होऊन आलेल्या पंपांवरही मी साधा बोल्ट बघितलाय.

हे सगळं बघून झालं आणि तरी ट्रॅक्टर ओढत नसेल तर मग पुढच्या बाजूला या. इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलचा नट अर्धा आटा सैल करा, एका वेळी एकच. नट सैल केल्यावर आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता, आवाज जसाच्या तसा राहिला तर दोष त्या लाइनमध्ये. मग त्या लाइनचं नोझल दुसऱ्या सिलिंडरला लावून बघा, दोष नोझलबरोबर गेला तर नोझल, तिथेच राहिला तर पंपाचा एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह किंवा इंजिनाची कॉम्प्रेशन. आणि दादा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय, चालू इंजिनावर नोझल बाहेर काढून फवारा बघायचा नाही, निदान हात जवळ न्यायचा नाही. नोझल शंभर बारच्याही पुढे उघडतं. ती धार कातडीतून आत जाते, बाहेर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, दुखत पण नाही सुरुवातीला, आणि आतून डिझेल पसरून बोट कापायची वेळ येते. असं झालं तर घरी हळद लावून बसायचं नाही, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डिझेल दाबाने आत गेलंय असं डॉक्टरला स्पष्ट सांगायचं.

धूर पण बघा. लोडवर काळा धूर आणि ताकद नाही, तर आधी एअर क्लीनर, मग नोझल. सकाळी बराच वेळ पांढरा धूर आणि डोळे चुरचुरतात तर डिझेल न जळता जातंय, टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) मागे किंवा नोझल गळतंय किंवा कॉम्प्रेशन कमी. तुमच्यासारखा केस, जिथे धूर काहीच नाही आणि नुसता दम जातो, तिथे डिझेलच पोचत नाहीये असंच धरायचं.

मॅसी १०३५ वाल्यांनी मागे विचारलं होतं म्हणून त्यांच्यासाठी पण लिहितो, कारण त्यात पंप वेगळा, गोल, रोटरी. २७५ सारखे चार वेगळे एलिमेंट नसतात, एकच रोटर फिरत सगळ्या सिलिंडरला वाटून देतो, आणि त्याला वंगण म्हणजे फक्त डिझेल, वेगळं ऑइल नाही. त्यामुळे पाणी गेलं की हा पंप लवकर मरतो, रोटर जाम होतो आणि शाफ्ट तुटतो. हा झिजला की ओळखायची जुनी युक्ती आहे. गरम असताना सेल्फ मारून दमलात तरी घेत नाही? इंजिन बंद असताना पंपावर फडकं टाकून हळूहळू गार पाणी सोडा, पाच मिनिटांनी सेल्फ मारा. लगेच चालू झाला तर हेड-रोटर झिजलाय, गरम डिझेल पातळ होऊन फटीतून निसटत होतं. चालू इंजिनावर गरम पंपावर गार पाणी कधीच टाकायचं नाही, जागेवर जाम होतो. आणि मॅसीचा फीड पंप पडद्याचा असतो, पडदा फाटला की डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं, पातळ आणि डिझेलचा वास, तर एक मिनिटही चालवू नका, बेअरिंग जातील.

२७५ च्या पंपाला मात्र स्वतःच्या पोटात ऑइल असतं आणि त्याची पातळी कोणी बघत नाही. ती वाढलेली आणि पातळ सापडली तर फीड पंपाच्या दांड्याकडून किंवा झिजलेल्या एलिमेंटमधून डिझेल उतरतंय, ही पंप काढायची खरी खूण. दुसरी खूण, स्टॉप नॉब ओढला तरी इंजिन लगेच बंद होत नाही किंवा ॲक्सिलेटर सोडला तरी आवाज खाली यायला वेळ लागतो. याचा अर्थ आतला रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकतोय, सहसा पाण्याने गंजून, आणि हे असं चालवत राहणं जिवावरचं आहे. रॅक जास्त डिझेलवर अडकला तर इंजिन पळत सुटतं. तसं झालंच तर मोठा गिअर टाका, ब्रेक दाबून क्लच सोडा आणि इंजिन मारून टाका, किंवा लाकडी फळी एअर क्लीनरच्या तोंडावर दाबा, हात नाही. आणि अशा ट्रॅक्टरजवळ पोरांना उभं करू नका.

पंप काढायची वेळ आलीच तर काढायच्या आधी पंपाची पट्टी आणि इंजिन यांच्यावर छिन्नीने बारीक रेघ मारून घ्या, गिअरच्या खुणा बघून फोटो काढा, नाहीतर बसवताना टायमिंग चुकतं आणि चांगला पंपही खराब ठरतो. सगळी तोंडं स्वच्छ प्लास्टिकने बांधा. पंप रूमला स्वतः जा आणि समोर बेंचवर लावायला सांगा. खोलायच्या आधी चारही लाइनच्या नळकांड्यांत डिझेल किती पडतं ते स्वतः बघा, दुरुस्तीनंतर परत बघा. चारही सारखी हवीत, आणि चौघांची वेळ बरोबर ९० अंशांनी. निघालेले जुने एलिमेंट परत मागा. जास्त डिझेलचा स्क्रू वाढवून देतो, ओढ वाढेल, असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. दोन महिने ओढतो, मग पिस्टन जळतो.

बसवायच्या आधी टाकी धुतलेली हवी, दोन्ही फिल्टर नवीन हवेत आणि पंपाच्या पोटात ताजं ऑइल भरलेलं हवं, काही जण कोरडाच बसवतात. पण मला नाही वाटत तुम्हाला इथपर्यंत यावं लागेल. उद्या आधी ते झाकण बघा, मग धार. धार बारीक होत गेली तर टाकी उतरवताना कॉकच्या आट्यांवर जोर देऊ नका, जुन्या टाकीचा तो पत्रा फाटतो, खालून दुसऱ्या पान्याने धरूनच सोडा.